नागपूरची पानगळ आणि पडके वाडे : नवख्या फोटोग्राफरसाठी पायरीपायरीने

ऑक्टोबरमध्ये मोबाइलवर काश्मीरच्या चिनारांचे लालभडक फोटो दिसायला लागले की नागपुरातले नवे कॅमेरेवाले सेमिनरी हिल्सवर चक्कर मारतात आणि हिरवंगार रान पाहून हिरमुसून परत येतात. तारीख चुकलेली असते, एवढंच. आपल्याकडची पानगळ थंडीमुळे होत नाही, जमिनीतली ओल आटली की होते. त्यामुळे ती डिसेंबर-जानेवारीत रंगायला लागते आणि एप्रिलपर्यंत चालते. शिवाय इथे एका झाडाची पानं गळत असताना शेजारचं झाड फुललेलं असतं आणि तिसऱ्याला तांबडी पालवी फुटत असते. पावसाळ्यापासून वेलींनी आणि गवताने झाकलेल्या पडक्या भिंतीही याच दिवसांत उघड्या पडतात. म्हणून झाडांचे फोटो वेगळे आणि पडझडीचे वेगळे असं न करता दोन्ही एकाच फेरीत बसवा.

१. आधी झाड ठरवा, मग तारीख

"फेब्रुवारीत जाऊ" एवढं पुरत नाही. प्रत्येक झाडाचा पंधरवडा वेगळा असतो.

डिसेंबर ते फेब्रुवारी : देशी बदाम. जुन्या कॉलन्यांच्या आवारात, शाळांच्या मैदानांत हे झाड असतंच. गळण्यापूर्वी त्याचं पान खरंखुरं लाल होतं. शहरात लाल पान हवं असेल तर पहिलं झाड हेच. याच काळात साग पिवळट-तपकिरी होऊन झडायला लागतो. सागाचं खाली पडलेलं पान उचलून उजेडासमोर धरून पाहा. पावसाळ्याअखेरीस अळीने शिरांमधला हिरवा भाग खाल्लेला असतो आणि उरलेलं पान लेससारखं जाळीदार दिसतं. मॅक्रो लेन्स नसली तरी साध्या मोबाइलवर हा फोटो उत्तम येतो.

जानेवारीअखेर ते मार्च : पळस आणि काटेसावर. दोन्ही निष्पर्ण असताना फुलतात. काटेसावरीचं फूल अख्खंच्या अख्खं खाली पडतं, त्यामुळे झाडाखालची जमीन हाही एक विषय. धावडा आणि लेंडिया यांची पानं तांबूस होतात ती साधारण याच सुमाराला.

मार्च ते एप्रिल : पिंपळ, कडुनिंब आणि मोहाची तांबूस पालवी, आणि कुसुम. कुसुमाची कोवळी पालवी रक्तासारखी लाल असते, पण थोडेच दिवस. मग ती हिरवी होते आणि झाड ओळखूसुद्धा येत नाही. नागपूरच्या आसपास कुसुम शोधायचा तर पेंचकडच्या बाजूला, नाल्यांच्या काठाने.

यात एक मेख आहे. मुरमाड उतारावरचं झाड लवकर झडतं आणि नाल्याकाठचं, तलावाजवळचं तेच झाड बरंच उशिरा. पाऊस लांबला तर सगळंच पुढे सरकतं. म्हणून आधी कॅमेरा न घेता एक फेरी मारा, झाड हेरा, मोबाइलवर जागेची खूण ठेवा आणि आठवड्याने पुन्हा पाहा. कळ्या काळ्या-मखमली दिसायला लागल्या की पळस फुलायला फार दिवस राहिलेले नसतात.

२. सामान

महागडी यादी करू नका. एवढं पुरतं :

– कॅमेरा आणि त्यासोबत येणारी किट लेन्स (१८–५५ किंवा तत्सम), किंवा प्रो मोड (सेटिंग हाताने बदलायची सोय) असलेला मोबाइल.
– पोलरायझर फिल्टर (चकाकी कमी करणारी, लेन्सवर फिरणारी काच). लेन्सच्या पुढच्या कडेवर किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला व्यासाचा आकडा असतो (५२, ५५, ५८ मिलीमीटर वगैरे), तोच आकडा दुकानात सांगा. फोकल लेंथचा आकडा सांगून चुकीचा फिल्टर घेऊन येणारे पुष्कळ.
– ट्रायपॉड. पडक्या खोल्यांत याच्याशिवाय चालत नाही.
– ब्लोअर आणि सुती कापड. मार्चमध्ये धूळ इतकी उडते की लेन्स बदलायचीच असेल तर गाडीत बसून, काचा वर करून बदला.
– जाड तळव्याचे, घोट्यापर्यंतचे बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड पॅन्ट.
– टॉर्च, एन-९५ मास्क, माणशी किमान २ लिटर पाणी. एप्रिलसाठी दुपट्टा.
– ओळखपत्र, मूळ आणि एक झेरॉक्स. परवानगीपत्राची छापील प्रत.

ड्रोन घरी ठेवा. सोनेगावचा विमानतळ आणि वायुसेनेचा तळ यांमुळे शहराच्या मोठ्या भागात उड्डाणावर निर्बंध आहेत आणि नवख्याने त्या भानगडीत पडू नये.

३. जागा : तीन गटांत विभागा

मोकळेपणाने जाता येईल अशा : सेमिनरी हिल्स, फुटाळा तलावाचा काठ आणि तेलंगखेडीचा परिसर, अंबाझरी आणि गोरेवाडा इथली जैवविविधता उद्यानं. उद्यानांच्या वेळा आणि सुटीचा वार बदलतात, आदल्या दिवशी पाहून घ्या. काही बागांमध्ये ट्रायपॉड दिसला की रखवालदार प्री-वेडिंगवाले समजून शुल्क मागतात. आधी हातातल्या कॅमेऱ्यानेच सुरुवात करा, मग छंद म्हणून काढतोय हे सांगून ट्रायपॉडचं विचारा.

गंज आवडणाऱ्यांसाठी मोतीबागचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. २००२ पासून सुरू असलेल्या या जागेत जुनी इंजिनं, डबे, रिव्हेटच्या ओळी, रंगाचे पापुद्रे, सगळं तिकीट काढून निवांत टिपता येतं. नागपूर–छिंदवाडा नॅरोगेज २०१५ मध्ये आणि नागपूर–नागभीड २०१९ मध्ये बंद झाली. त्या मार्गांवरच्या ओसाड स्टेशनांत घुसायचा मोह होतो, पण रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. "गाडी तर येतच नाही" हे कारण तिथे चालत नाही.

दिवसभराची फेरी हवी असेल तर जबलपूर रस्त्याने मनसर, रामटेक, नगरधन. मनसरच्या टेकडीवर उत्खननातून निघालेलं वाकाटककालीन विटांचं बांधकाम आहे. विटांच्या थरांवर तिरपं ऊन पडलं पाहिजे, म्हणून पहाटे पहिला मुक्काम हाच. रामटेकला गडावर जास्त गर्दी असते. पडझडीसाठी अंबाळा तलावाचे घाट, काठावरची लहान देवळं आणि कपूर बावडी पाहा. उन्हाळ्याकडे पाणी उतरतं तशा बावडीच्या खालच्या पायऱ्या उघड्या होतात. गडावर वानरं पिशव्या ओढतात, खाऊ वर दिसू देऊ नका. नगरधनचा किल्ला संध्याकाळी करा.

विचारूनच जायच्या : महालातले, इतवारीतले जुने वाडे, बंद गिरण्या, गोदामं, मिशनच्या जुन्या इमारती, दफनभूमी. एम्प्रेस मिलचे जुने फोटो पाहून तिकडे निघू नका. १८७७ मध्ये सुरू झालेल्या त्या गिरणीच्या जागेवर आता मॉल आहे.

जायच्याच नाहीत : कामठी छावणी, वायुसेनानगर, अंबाझरीचा आयुधनिर्माणी परिसर, चालू-बंद कोळसा आणि मँगनीजच्या खाणी. सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे आणि वर्षातून प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्यदिन अशा मोजक्याच दिवशी लोकांसाठी उघडतो. त्या दिवशीही कॅमेऱ्याबद्दल दारावर विचारल्याशिवाय तो बाहेर काढू नका.

पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याची सफारी पानगळीच्या फोटोंसाठी मला फारशी पटत नाही. जिप्सीतून उतरता येत नाही, झाडासमोर थांबायला गाइड तयार नसतो कारण बाकीच्यांना वाघ हवा असतो, आणि कोअर भागात मोबाइल वापरू देत नाहीत. त्यापेक्षा गाभ्याबाहेरचा सार्वजनिक रस्ता बरा.

४. वाड्याची परवानगी

इथे बहुतेकांचं घोडं अडतं. पडक्या वाड्याला मालक नसतो असं नाही, उलट सहसा जास्तच मालक असतात. एका भावाने हो म्हटलं आणि तासाभराने दुसरा येऊन हाकलतो, हे नेहमीचं. म्हणून पहिल्याच भेटीत हा प्रश्न विचारा : "काका, आणखी कोणाला सांगावं लागेल का?" भाडेकरूची परवानगी त्याच्या खोल्यांपुरतीच असते. मालक सापडतच नसेल तर समोरच्या किराणा दुकानात किंवा पानठेल्यावर विचारा, तिथे सगळा इतिहास कळतो. कागदोपत्री नाव हवं असेल तर नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढता येते, पण छंदासाठी एवढं करायची वेळ क्वचितच येते.

लोकांना पहिली शंका असते की तुम्ही बिल्डरचे आहात किंवा महानगरपालिकेचे. म्हणून नुसतं "फोटो काढायचेत" न म्हणता काय काढणार ते दाखवा : दाराची कडी, नक्षीचा खांब, भिंतीतला पिंपळ. मोबाइलवर आधीचे दोन-तीन फोटो दाखवले की काम सोपं होतं. आणि अर्ज लेखी द्या, एवढाच :

"महोदय, आपल्या ______ येथील जुन्या वाड्याचे फोटो छंद म्हणून काढण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. फोटो विक्रीसाठी नाहीत. दिनांक ______, सकाळी ७ ते १०. व्यक्ती : दोन. सामान : एक कॅमेरा, एक ट्रायपॉड. कोणतीही वस्तू हलवणार नाही, घरातील व्यक्तींचे फोटो विचारल्याशिवाय काढणार नाही. स्वतःच्या सुरक्षिततेची जबाबदारी माझी. फोटोंच्या प्रती आपल्याला देईन."

खाली नाव, फोन, सही, ओळखपत्राची झेरॉक्स. मालक गावाला असेल तर हाच मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवून त्यांचं "हो" जपून ठेवा.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांवर हातातल्या कॅमेऱ्याला अडचण नसते, पण ट्रायपॉड आणि वेगळे दिवे लावायला त्यांच्या कार्यालयाची आगाऊ परवानगी लागते. निळा फलक दिसला की ट्रायपॉड गाडीतच राहू द्या.

५. वेळ

फेब्रुवारीच्या मध्यात नागपूरला सूर्योदय पावणेसातच्या आसपास आणि सूर्यास्त सव्वासहाच्या आत-बाहेर. मार्चच्या मध्यात सूर्य साधारण सहा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी उगवतो आणि तितक्याच वाजता मावळतो. उगवल्यानंतरचा दीड तास आणि मावळण्यापूर्वीचा एक तास, एवढंच आपलं. दुपारचं ऊन पडक्या छतांच्या आत शिरतं तेव्हा मात्र उपयोगी असतं, त्याबद्दल पुढे. मार्चनंतर मोबाइल उन्हात तापून कॅमेरा बंद करतो, तो खिशात नको, पिशवीत सावलीत हवा.

६. पानं आणि फुलं टिपताना

सगळ्यात आधी ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग आपोआप जुळवणारी सेटिंग) बंद करा. कॅमेऱ्याला पिवळा-तांबूस रंग चूक वाटतो आणि तो निळा मिसळून ती "दुरुस्त" करतो. डेलाइट किंवा ५२०० ते ५५०० केल्विन ठेवा. रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढत असाल तर हे घरी बदलता येतं, पण पडद्यावर खोटा रंग पाहून एक्स्पोजरचा (फोटोत येणाऱ्या उजेडाचा) अंदाज चुकतो.

मग सूर्याच्या समोर जा. नवखे लोक सूर्य पाठीशी ठेवून काढतात, त्याने पान कागदासारखं सपाट दिसतं. सागाचं, पिंपळाचं, कुसुमाचं पान मागून उजेड आला की शिरांसकट पेटतं. सूर्य खोडाआड लपवा, मागे सावलीतली झाडी किंवा काळी भिंत येईल असे एक-दोन पाय सरका. स्पॉट मीटरिंग (एका ठिपक्यापुरता उजेड मोजणं) पानावर, एक्स्पोजर +०.७, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/५.६ ते एफ/८. वारा असेल तर शटर १/२५० सेकंदापेक्षा मंद नको, त्यासाठी आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ४०० पर्यंत नेला तरी बिघडत नाही.

पळसाचा हिशेब उलटा. त्याचा केशरी इतका तीव्र असतो की कॅमेऱ्याचा लाल चॅनल आधीच भरून जातो. साध्या हिस्टोग्रामवर (उजेडाच्या आलेखावर) सगळं ठीक दिसतं, घरी येऊन पाहावं तर पाकळ्यांवरची लव आणि घड्या गायब, नुसता केशरी डाग. म्हणून आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगळा दाखवणारा) हिस्टोग्राम चालू करा आणि लाल रेघ उजव्या भिंतीला टेकणार नाही इतकं एक्स्पोजर उतरवा, साधारण −०.७ ते −१. पिक्चर स्टाइल व्हिव्हिडवरून न्यूट्रलवर आणा. मोबाइलवर फुलावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की सूर्याचं चिन्ह खाली ओढा. पळसाच्या फांदीचा फोटो पांढुरक्या आकाशावर काढू नका. निळं आकाश नसेल तर मागे डोंगर किंवा गडद झाड घ्या.

पोलरायझर लावून नुसता ठेवला तर काही होत नाही, तो फिरवावा लागतो. सूर्य डाव्या-उजव्या बाजूला असताना परिणाम सर्वाधिक, समोर किंवा पाठीशी असताना जवळजवळ शून्य. पानांवरची चकाकी गेली की खालचा रंग दिसतो. पोलरायझर एक ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तेव्हा अंधाऱ्या खोलीत शिरताना काढून ठेवा.

मोहाखाली एक पथ्य. फुलं पहाटे गळतात आणि सकाळी बायका-पोरं ती वेचायला येतात. ती त्यांची कमाई आहे. फुलांवर पाय देऊ नका आणि वेचणाऱ्यांचा फोटो विचारूनच काढा. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाचा वणव्याचा हंगाम, जंगलात काडेपेटी किंवा सिगारेट नेऊच नका.

७. पडक्या जागेत पाय ठेवण्यापूर्वी

एकट्याने जाऊ नका. कुठे आहोत आणि किती वाजता बाहेर येणार, ते घरी सांगून ठेवा.

माडीवर जाणं टाळा. वाड्यांच्या माडीचा भार सागाच्या कड्यांवर (आडव्या तुळयांवर) असतो आणि कडी भिंतीत जिथे शिरते तिथेच पावसाचं पाणी मुरून ती कुजते. वरून फळी ठणठणीत दिसते. आधी खालच्या खोलीतून वर पाहा : कडीच्या टोकाशी काळा ओला डाग, वाळवीच्या मातीच्या रेषा, गिलावा सुटलेला, यातलं एक जरी दिसलं तर वर चढायचं नाही. अंगणात गवत वाढलेलं असेल तर काठीने ठोकत चला, बिनकठड्याची जुनी विहीर असू शकते.

भिंतींच्या भेगांत हात घालू नका. नाग, घोणस, मण्यार तिन्ही आपल्याकडे आहेत. चावलंच तर ब्लेड, दोरी, मांत्रिक काही नाही, अवयव न हलवता थेट मेडिकल किंवा मेयो (नागपूरची सरकारी रुग्णालयं). उंच कमानीखाली आणि शिखरांवर आग्या मोहोळ असतं का ते लांबूनच पाहा, असेल तर फ्लॅश नाही, अत्तर-डिओ नाही, आवाज नाही. वटवाघळांच्या विष्ठेचा उग्र वास आला किंवा गिरणीचे जुने सिमेंटचे पत्रे फुटलेले दिसले की मास्क लावा. त्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो.

आणि खाजकुयली. हिच्याबद्दल कोणी सांगत नाही. हिवाळा सरता-सरता कुंपणांवर, पडक्या भिंतींवर तिच्या वाळलेल्या, सोनेरी लव असलेल्या शेंगा लटकतात आणि फोटोत फार सुंदर दिसतात. लव वाऱ्यानेही उडते आणि अंगाला लागली की जीव नकोसा होतो. शेंगांवरून वारा जिकडे वाहतो त्या बाजूला उभं राहू नका. लागलीच तर चोळू नका, चिकटपट्टी लावून लव उपटून काढा, मग धुवा.

८. भिंत, गंज, अंधार

भिंतीच्या पोताला तिरपा उजेड लागतो. ऊन भिंतीला समांतर घासून जात असेल तेव्हा सुटलेला चुना, आतल्या चपट्या विटा, खिळ्यांच्या सावल्या सगळं उठून दिसतं. समोरून ऊन असेल तर तोच फोटो ओळखपत्रावरच्या फोटोइतका निर्जीव. गंजाचं मात्र उलट : कडक उन्हात लोखंड चमकतं आणि रंग मरतो, सावलीत किंवा ढगाळ हवेत काढा.

अंधाऱ्या खोलीत खिडकी पांढरीफेक आणि कोपरे काळे, ही नेहमीची तक्रार. ट्रायपॉड लावा, आयएसओ १००, एफ/८, दोन सेकंदांचा टायमर, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. मग ब्रॅकेटिंग करून (एकच फ्रेम वेगवेगळ्या एक्स्पोजरने) तीन फोटो : −२, ०, +२. तिन्ही घरी एकत्र करता येतात. तिन्हींत ॲपर्चर एकच राहायला हवं, फक्त शटर बदलावं, म्हणून एव्ही किंवा ए मोड (ॲपर्चर आपण ठरवायचं) वापरा. फुटक्या कौलांतून दुपारी उन्हाच्या तिरिपा येतात तेव्हा उजेड उन्हाच्या पट्ट्यावर मोजा आणि बाकीचं काळं राहू द्या. सगळं दिसलंच पाहिजे असा काही नियम नाही. पडक्या जागेचं निम्मं रूप अंधारात असतं.

कॅमेरा वर झुकवला की खांब आत कलतात, खाली झुकवला की बाहेर. भिंतीशी कॅमेरा समांतर ठेवा, वरचा भाग हवा असेल तर मागे सरका आणि नंतर खालचं कापा.

आणि पानगळीचा खरा फायदा इथे : भिंतीत उगवलेला पिंपळ किंवा उंबर. पानं असताना नुसता हिरवा गोळा दिसतो. पानं गळली की मुळांची जाळी विटांमधून कशी उतरलीय ते दिसतं. नवी तांबूस पालवी फुटली की त्याच फ्रेममध्ये मुळं, विटा आणि पालवी असे तीन तांबूस रंग मिळतात. ही संधी मार्चमध्ये थोडेच दिवस असते. त्यासाठी झाड आधी हेरून ठेवा.

वस्तू हलवू नका, मुद्दाम बाहुली किंवा तुटकी खुर्ची आणून ठेवू नका. असे फोटो लगेच ओळखू येतात.

९. घरी आल्यावर

सॅच्युरेशनच्या पट्टीला हात लावायचा नाही. एचएसएलमध्ये (एकेक रंग वेगळा बदलायच्या पट्ट्यांत) केशरी आणि पिवळा वेगवेगळे घ्या, त्यांची ल्युमिनन्स (उजळपणा) आधी थोडी कमी करा, रंग आपोआप गडद वाटतो. पळसाची ह्यू (रंगछटा) लालकडे झुकवली की तो गुलमोहर दिसायला लागतो. धुळीमुळे आलेला पांढुरकेपणा डिहेझच्या पट्टीने काढा, पण १५-२० च्या पुढे नेलं की आकाशाला काळपट कडा येतात. नेटवर टाकायचा फोटो एसआरजीबीमध्ये (नेटवरच्या नेहमीच्या रंगप्रणालीत) एक्स्पोर्ट करा, नाहीतर मोबाइलवर केशरी फिका दिसतो.

ओसाड वाड्याचा फोटो टाकताना त्यातलं लोकेशन काढून टाका आणि गल्लीचं नाव लिहू नका. असे फोटो पाहून नक्षीची दारं आणि पितळी कड्या उचलून नेणारेही येतात. मालकाला प्रती व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे दर्जा घटत नाही. त्यातला एखादा छापून हातात दिलात तर उत्तम, आणि पिंपळाच्या पालवीसाठी पुन्हा यायचं असेल तर तेव्हाच विचारून ठेवा.